काचवाल्या बाईंची बदामी

काचवाल्या बाईंच्या गाडीत बसायचं तर एक अट होती. गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काच कशी खाली करायची एवढं विचारलेलं चालायचं, कारण काच खाली करायला हँडल फिरवावं लागतं हे आजकालच्या माणसांना ठाऊक नसतं आणि ते शिकवण्यात बाईंना भारी आनंद वाटे. पण ‘हे काय वाजतंय?’ असं कुणी विचारलं की बाई गाडी सावकाश कडेला घेत आणि विचारणाऱ्याकडे वळून म्हणत, “तुम्ही चालवताय की मी?”

ही अट पडली नवऱ्यामुळे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं कुठेतरी निघाली होती आणि नवरा शेजारी बसून ‘काहीतरी खुळखुळतंय’ म्हणून सारखा जीव खात होता. बाईंनी भर उन्हात बॉनेट उघडलं, चारही चाकांशी वाकून पाहिलं, हात कोपरापर्यंत काळे करून घेतले. खुळखुळत होता तो त्याच्याच जेवणाच्या डब्यातला चमचा. त्या दिवशी बाईंनी त्याला जे काही सुनावलं, त्यानंतर त्या बिचाऱ्याने गाडीच्या बाबतीत तोंडाला कुलूप घातलं. स्वभावाने गरीब माणूस, तीस वर्षं त्याने ते उघडलं नाही.

बाई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होत्या. एक लांबट खोली, भिंतीला लागून सहा यंत्रं, प्रत्येक यंत्रावर पाण्याची बारीक धार आणि त्या धारेखाली गरगर फिरणारा दगड. काच दगडाला टेकली की किंचाळते. सहा यंत्रं एकदम चालू झाली की नव्या माणसाला वाटतं, आपण दुपारपर्यंतही टिकणार नाही. बाई तिथे तेहतीस वर्षं टिकल्या. काच तयार झाली की त्या तिच्या कडेवरून अंगठा फिरवत. केसाएवढा ओरखडा असला तरी अंगठ्याला कळायचा. कारखान्याचा मालकसुद्धा मोजायचं यंत्र बाजूला ठेवून आधी बाईंचा अंगठा काय म्हणतो ते विचारायचा.

गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली होती, तीही जुनीच. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आता चव्वेचाळीस. रंग बदामी, म्हणून नाव बदामी. गोल दिवे, छत पेलणारे बारीक खांब, चारही बाजूंनी ऐसपैस काचा. आत तीनच काटे: एक वेगाचा, एक पेट्रोलचा आणि एक इंजिन तापलंय का ते सांगणारा. यापलीकडे माणसाला काय लागतं, असा बाईंचा सवाल होता. ऊन असो, पाऊस असो, कामावर जायला बदामीच. जपून ठेवायची, झाकून ठेवायची, रविवारी पुसून फोटो काढायचे, असले लाड त्यांनी कधी केले नाहीत. तेलपाणीही स्वतःच करायच्या. गाडी वापरली की नीट राहते, असं त्यांचं म्हणणं.

नव्या गाड्यांवर मात्र त्यांचा दात होता. “सगळ्यांची तोंडं बघा, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी. आणि खिडक्या एवढ्याशा. मागचं दिसत नाही म्हणून मग कॅमेरा. मोठी काच लावली असती तर कॅमेरा कशाला लागला असता? उकडतंय म्हटलं तरी आधी पडद्यावर चार ठिकाणी बोट लावा. आणि बारा महिने टुंग टुंग. दार उघडलं टुंग, पट्टा नाही लावला टुंग, रेषेच्या जवळ गेलं टुंग. ही गाडी आहे की सासू?” हे सगळं त्या जावयाच्या देखत म्हणायच्या, कारण जावयाची गाडी अगदी तसलीच होती.

जावई सरळमार्गी मुलगा. बँकेत नोकरी, बोलणं कमी, सासूबाईंचे टोमणे तो हसून घ्यायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याचा पाय मुरगळला आणि त्याची ती गाडी घरापर्यंत आणायची पाळी बाईंवर आली. त्याला शेजारी बसवून त्या मोठ्या ऐटीत बसल्या. पट्टा त्यांनी मुद्दामच लावला नाही. घर येईपर्यंत गाडी गुमान चालली. उतरताना बाई म्हणाल्या, “शहाणी आहे हो तुमची गाडी. मला घाबरली. एकदासुद्धा टुंग केलं नाही.” जावयाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग तो मोठ्याने हसला. पोराला विनोद कळतो, असं वाटून बाई खूश झाल्या.

मग लेक बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडणार होते आणि प्रश्न निघाला की बाळाला न्यायचं कुणाच्या गाडीतून.

जावयाने त्याच्या गाडीत बाळासाठी खास खुर्ची आधीच बसवून घेतली होती. बाईंना ते ऐकूनच धक्का बसला. हा प्रश्न कुणी काढेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लेक स्वतः जन्मली तेव्हा बदामीतूनच घरी आली होती. नातही तशीच येणार, हे त्यांच्या दृष्टीने ती पोटात असतानाच ठरलं होतं.

“आई, राग मानू नका,” जावई खाटेशेजारी उभा राहून म्हणाला, “पण तुमच्या गाडीत मागच्या सीटला पट्टेसुद्धा नाहीत. चव्वेचाळीस वर्षांची गाडी आहे.”

“आणि तुमची दीड वर्षाची गाडी मागच्या महिन्यात भर चौकात का बंद पडली होती?” बाई म्हणाल्या. “दिवा लागला आणि बसली. त्याआधी एक शब्द बोलली नाही. माझी गाडी सांगितल्याशिवाय काही करत नाही. काही बिनसलं तर मला आठ दिवस आधी ऐकू येतं.”

लेकीने डोळे मिटूनच सांगितलं, “ते खरं आहे. आईला गाडी ऐकू येते. लहानपणी मी मागे झोपलेली असायचे आणि ही पुढून म्हणायची, डाव्या चाकात हवा कमी आहे. उतरून बघावं तर खरंच कमी.” मग नवऱ्याचा हात धरून म्हणाली, “येऊ दे तिच्या गाडीतून. एवढंच मागतेय ती.”

जावयाने मान तुकवली. फक्त मागे पट्टे बसवून घ्या, म्हणजे खुर्ची घट्ट बांधता येईल, आणि मिस्त्रीकडून गाडी एकदा बघून घ्या, एवढंच तो म्हणाला. बाईंनी जिंकलेल्या माणसाच्या उदारपणाने दोन्ही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीकडे गेल्या. वर्षभरात गेल्या नव्हत्या. मिस्त्रीचं गॅरेज एका गल्लीच्या टोकाला होतं. बाई वळल्या तेव्हा तो हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभा होता, जणू कुणीतरी हाक मारून बोलावल्यासारखा.

“ताई, कुणाला ठोकलंत?” त्याने पहिलंच हे विचारलं.

“मी कशाला ठोकीन? मागे पट्टे बसवायचेत. नात घरी यायचीय उद्या.”

“ते बसवू. पण हा आवाज?”

“कसला आवाज?”

मिस्त्री हसला. बाईंची अट त्यालाही माहीत होती. मग बाई हसत नाहीत हे पाहून तो थांबला. “सरका जरा,” म्हणत तो चालवायच्या जागेवर बसला आणि बाईंना शेजारी बसवून त्याने गल्लीत गाडी घेतली. थोडं पुढे जाऊन त्याने ब्रेक दाबला. समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली. पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून आत गेलं. वरच्या मजल्यावर एका बाईने खिडकी धाडकन लावून घेतली.

बाईंना इंजिनाची घरघर नेहमीसारखी ऐकू आली. टायरखाली खडी रगडली गेली तीही ऐकू आली. खिडकी लावलेलीसुद्धा ऐकू आली. बाकी काही नाही.

“ऐकलंत?” मिस्त्री म्हणाला.

“काय?”

त्याने पुन्हा गाडी पुढे घेतली, पुन्हा ब्रेक दाबला. या वेळी तो रस्त्याकडे पाहत नव्हता, बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याने गाडी परत आणली, जॅक लावला आणि पुढचं चाक उतरवलं.

ब्रेकचं पॅड संपलं होतं. झिजलं होतं असं नाही, संपलंच होतं. मागची लोखंडी पट्टी तेवढी उरली होती आणि ती सरळ चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर घासत होती. बाईंनी सवयीने अंगठा पुढे केला आणि चकतीवरून फिरवला. नख रुतेल एवढ्या खोल चऱ्या पडल्या होत्या. त्यांनी अंगठा पुन्हा फिरवला, जणू दुसऱ्यांदा चऱ्या नसतील.

“सहा महिने तरी ओरडत असणार ही,” मिस्त्री म्हणाला. “लोखंडावर लोखंड, ताई. आधी कुईं करते, मग किंचाळते. तुम्ही वळणावर होतात तेव्हा मला आत ऐकू आलं. अजून आठ-पंधरा दिवस गेले असते तर पाय दाबून बसला असतात आणि गाडी थांबली नसती.”

“मला काही ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखा वाटला.

मिस्त्रीने खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी केलं आणि तो बाईंच्या पुढ्यात धरला. पडदा उजळला होता. “वाजतोय,” तो म्हणाला. बाई पाहत राहिल्या. मग त्याने गाडीत हात घालून हॉर्न दाबला आणि बाई दचकल्या.

“हॉर्न येतो. इंजिन येतं. माझं बोलणं येतं,” मिस्त्री हळूच म्हणाला आणि लगेच जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला. “जाड आवाज येतात, पातळ गेलेत. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपल्याला सगळं ऐकू येतं.”

बाई तिथल्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या. वर्षभर त्या कारखान्यात मालकाला सांगत होत्या की या खेपेचे दगड चांगले आलेत, काच किंचाळत नाही. मालक ‘बरं बरं’ म्हणायचा. इतरांनी कानात बोळे का घातलेत याचं त्यांना नवल वाटायचं, आजकालच्या पोरांना सोसत नाही म्हणून त्या हसायच्याही. आणि जावयाची ती गाडी. ती घाबरली नव्हती. ती निघाल्यापासून घर येईपर्यंत टुंग टुंग करत होती आणि शेजारी बसलेला तो मुलगा ते ऐकत होता. तो हसला ते सासूबाई थट्टा करताहेत असं समजून. बाईंचे कान शरमेने तापले. याच गाडीत उद्या तीन दिवसांचं बाळ बसणार होतं.

“घरी कुणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने हात पुसले. “ब्रेक मी नवे घालतो, चकत्याही बदलतो, पट्टे बसवतो. संध्याकाळी गाडी ठणठणीत मिळेल. तुमचं मला काही करता येणार नाही, ताई. ते तुम्ही बघा.”

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नवरा टेबलावर चादर अंथरून बाळाच्या दुपट्यांना इस्त्री करत होता. वर्षापूर्वी निवृत्त झाल्यापासून घरातली अशी कामं त्याने आपणहून अंगावर घेतली होती. बाई पिशवी न ठेवताच समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, बदामीचे ब्रेक ओरडत होते?”

नवऱ्याने इस्त्री उभी केली. “हो.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस. पाचसहा महिने.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

तो गोंधळून बघत राहिला. “गाडी तुझी. मला ऐकू येतं म्हणजे तुला येतच असणार, असं वाटलं. तूच म्हणालेलीस, गाडीबद्दल बोलायचं नाही.” मग म्हणाला, “दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं, कशाला.”

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण अर्ध्या वाटेवरच विरला. आपल्या शेजारी बसून हा माणूस सहा महिने दर वळणावर ती किंचाळी ऐकत होता आणि आपला शब्द पाळत होता. बाई खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी मिस्त्रीकडे घडलेलं सगळं सांगून टाकलं. फोनचंसुद्धा.

नवऱ्याने हातातल्या दुपट्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“म्हणजे मी न्हाणीघरातून हाका मारतो ते तुला ऐकू येत नाही?”

“कधी मारता?”

“रोज,” तो म्हणाला. “टॉवेल विसरतो ना. दाराची घंटा वाजते, तू जागची हलत नाहीस. सकाळी मी काहीतरी बोलतो, तू पाठमोरी असतेस, वळत नाहीस. मला वाटलं, मी घरी बसलो तेव्हापासून तुला माझा कंटाळा आलाय. म्हटलं, असेल. मग मीच कमी बोलायला लागलो.”

मघा त्या चऱ्यांवरून अंगठा फिरवताना बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता. त्यांना उलट वाटत होतं की नवरा घरी बसल्यापासून अबोल झालाय. एका घरात, एका टेबलावर, दोघं वर्षभर एकमेकांवर मनातल्या मनात रुसून जेवत होती. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“उद्या लेकीला सांगशील ना?” नवऱ्याने विचारलं. त्यांच्याकडे तोंड करून, स्पष्ट.

“ब्रेक नवे आहेत,” बाई म्हणाल्या. “पट्टे बसवलेत. गाडीत आता काही खोट नाही.”

“मी गाडीचं नाही विचारलं.”

“एकदा घरी येऊ दे तिला. मग सांगते. एकदाच आणते मी तिला.” हे त्या अशा स्वरात म्हणाल्या की नवऱ्याने मान खाली घातली आणि इस्त्री हातात घेतली. बाईंना आपली लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. सांगितलं की गाडी गेली, हे त्यांना दिसत होतं. गाडीबरोबर आणखी काय काय जाईल याचा त्यांनी विचारच करायचा नाही असं ठरवलं.

सकाळी दवाखान्यात सगळं सुरळीत चाललं होतं. बदामी फाटकाजवळ धुऊनपुसून उभी होती, बाळाची खुर्ची मागे नव्या पट्ट्यांनी बांधली होती, ती जावयाने स्वतः हलवून पाहिली होती. तो आणि सासरे कागदपत्रं करायला खाली गेले. लेकीने बाळ बाईंच्या हातात दिलं आणि कपडे बदलायला खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. पोर दुपट्यात गुंडाळलेलं, वजन जेमतेम. डोळे मिटलेले, कपाळावर जावळ. बाईंनी तिच्या गालावरून अंगठा फिरवला. आयुष्यात एवढी गुळगुळीत कड त्यांच्या अंगठ्याखालून गेली नव्हती. बाळाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हनुवटी थरथरली. बाई हसल्या. “जांभया देतेय ग सारख्या,” त्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या. “झोप आलीय बाईसाहेबांना.” पडदा हलला, पण उत्तर आलं नाही. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि बाळाला खाली उभी असलेली गाडी दाखवू लागल्या. ते बघ गोल दिवे. ती बघ मागची केवढी मोठी काच. तिच्यातून तुला सगळा रस्ता दिसेल.

शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. तिने मान डोलावली नाही.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा दंड धरला. लेक होती. अंगातल्या कपड्याची बटणं अर्धीच लावलेली, पाय अनवाणी, तोंड पांढरंफटक.

“आई, काय झालंय तुला? किती वेळ रडतेय ती. मी तीनदा ओरडून सांगितलं, तिला उगी कर म्हणून.”

बाईंनी खाली पाहिलं. बाळाचं तोंड लालबुंद झालं होतं, मुठी वळलेल्या होत्या, जीभ टाळ्यापाशी थरथरत होती. बाईंनी चेहरा खाली नेला, अगदी बाळाच्या ओठांना कान लागेपर्यंत. गरम श्वास कानाला लागला. दूर कुठेतरी, बंद दाराआड असावं तसं, काहीतरी होतं किंवा नव्हतं.

“मला ऐकू येत नाही ती,” बाई म्हणाल्या. “ब्रेकही येत नव्हते. तुझ्या नवऱ्याला सांग, त्याची गाडी फाटकाशी आण.”

लेकीने बाळ त्यांच्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटत ती त्यांच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. बाईंना ते तोंड मिटलेलं पाहून कळलं.